वेल्डरची परीक्षा आणि इलेक्ट्रोडची जाडी : संरचनात्मक वेल्डिंगच्या दोन नियमांचा इतिहास

पोलादी इमारतींचा व पुलांचा इतिहास आजवर बहुधा आकडेमोडीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. तुळईतील ताण कसा काढावा, स्तंभ केव्हा वाकतो, चौकटीच्या कोपऱ्यात किती घूर्ण येते, या प्रश्नांची परंपरा आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु ही सारी गणिते एका गृहीतावर उभी असतात, आणि ते म्हणजे सांधा धड आहे हे. तो धड आहे हे कोणी व कसे ठरवावयाचे, या प्रश्नाचाही एक इतिहास आहे. तो कायद्याच्या पुस्तकासारख्या रुक्ष दिसणाऱ्या संहितांच्या कलमांत दडलेला असल्यामुळे त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत निबंधात या कलमांपैकी दोनच विचारार्थ घेतली आहेत. वेल्डर म्हणून पात्र कोणाला समजावे हे पहिले कलम सांगते. त्याच्या हाती जास्तीत जास्त किती जाडीचा इलेक्ट्रोड द्यावा हे दुसरे सांगते. वरवर पाहता ही दोन्ही एकाच सावधगिरीची रूपे वाटतात, आणि पुष्कळ कारखान्यांत ती तशीच समजली जातात. ‘वेल्डर पास झालेला आहे ना, मग कोणताही रॉड चालेल’, असे म्हणणारे पर्यवेक्षक थोडे नाहीत. वस्तुतः या दोन नियमांची मुळे भिन्न आहेत. पहिला नियम हाताची परीक्षा घेतो, दुसरा कार्यपद्धतीला कुंपण घालतो. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही; आणि ते भागते अशी समजूत जेथे जेथे रूढ झाली तेथे तेथे योजनेचा दोष कारागिराच्या माथी बसला, असे आमचे मत आहे. पुढील विवेचन या मताच्या समर्थनार्थ आहे.

प्रथम परीक्षेची गरज का पडली ते पाहू. रिव्हेटच्या काळात तपासनीस हाती छोटी हातोडी घेऊन फिरत असे. रिव्हेटच्या माथ्यावर टिचकी मारली की सैल रिव्हेट आवाजावरून आणि बोटाला लागणाऱ्या कंपावरून ओळखू येई. सैल निघालेला रिव्हेट कापून दुसरा बसवता येई. वेल्डच्या सांध्याला ही सोय नव्हती. वरून सुबक, माशाच्या खवल्यांसारख्या लाटा असलेला सांधा आतून पोकळ असू शकतो; मुळाशी धातू वितळलेलाच नाही, दोन थरांमध्ये स्लॅग अडकली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. क्ष-किरणांचा वापर दाबपात्रांच्या कामात १९३० नंतर रुळला, परंतु इमारतीच्या चौकटीवर प्रत्येक सांध्याचे छायाचित्र घेणे त्या काळी शक्यच नव्हते. वस्तू तपासता येत नाही, म्हणून वस्तू करणारा तपासावा, असा हा तर्क होता. वेल्डरच्या परीक्षेचा जन्म या अगतिकतेतून झाला आहे, हे विसरून चालणार नाही.

तंत्राचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात सांगणे पुरे. बेनार्दोस याने १८८१ मध्ये कार्बनच्या कांडीने विद्युत्-आर्क निर्माण करून धातू जोडला. स्लाव्यानोव्ह याने १८८८ मध्ये कार्बनच्या जागी धातूचीच कांडी वापरली, त्यामुळे कांडी स्वतः वितळून सांध्यात भर घालू लागली. स्वीडनच्या ऑस्कर शेलबेर्य याने १९०४ मध्ये ‘एसाब’ कंपनी स्थापन केली आणि पुढील काही वर्षांतच कांडीवर वेष्टन चढविण्याची युक्ती काढली. उघड्या कांडीचा वितळलेला धातू हवेतील प्राणवायू व नत्रवायू शोषून ठिसूळ होई. वेष्टन जळून निर्माण होणारा वायू आणि वर तरंगणारी मळी यांनी त्याला आडोसा मिळाला. या वेष्टनावाचून वेल्डिंग हे दुरुस्तीपुरतेच राहिले असते.

दुरुस्तीनेच त्याला प्रतिष्ठा दिली हेही खरे. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकून पडलेली शंभराहून अधिक जर्मन जहाजे ताब्यात घेण्यात आली. त्यांवरील खलाशांनी जाण्यापूर्वी इंजिनांची मोडतोड केली होती. ती इंजिने ज्या थोड्या अवधीत वेल्डिंगने पुन्हा चालू झाली त्याचा मोठा बोलबाला झाला. युद्धकालीन जहाजबांधणी मंडळाची वेल्डिंग समिती हार्वर्डचे प्राध्यापक कम्फर्ट ॲडम्स यांच्या अध्यक्षतेखाली काम करीत होती. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये त्याच मंडळींतून ‘अमेरिकन वेल्डिंग सोसायटी’ उभी राहिली. १९२६ मध्ये पेन्सिल्व्हानियातील शॅरन येथे वेल्ड केलेली बहुमजली इमारत झाली, १९२९ मध्ये पोलंडात मौझित्से येथे स्तेफान ब्रिवा यांनी आखलेला वेल्डचा रस्ता-पूल वाहतुकीस खुला झाला. या दोहोंच्या दरम्यान, १९२८ मध्ये, सोसायटीने इमारतींच्या बांधकामातील वेल्डिंगची पहिली संहिता प्रसिद्ध केली. १९३६ मध्ये पुलांसाठी वेगळी नियमावली आली. पुढे डी १.० व डी २.० या नावांनी चालत आलेल्या इमारती व पूल यांच्या या दोन धारा १९७२ मध्ये एकत्र होऊन ‘डी १.१’ ही संरचनात्मक वेल्डिंगची संहिता तयार झाली. आज अनेक देशांत तिचा आधार घेतला जातो.

या संहितेतील परीक्षेचे स्वरूप मुद्दाम विस्ताराने सांगण्यासारखे आहे, कारण तिच्यात एक विलक्षण प्रामाणिकपणा आहे. वेल्डरला तोंडी प्रश्न कोणी विचारीत नाही; धातुशास्त्र त्याला यावे अशी अपेक्षा नाही. त्याने दोन पट्ट्या जोडावयाच्या, एवढेच. ३/८ इंच जाडीच्या पट्टीवर उत्तीर्ण होणाऱ्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे ३/४ इंचापर्यंतच्या जाडीचे काम करता येते. १ इंच जाडीच्या पट्टीवर उत्तीर्ण होणाऱ्यास जाडीची मर्यादा उरत नाही. पट्टी सपाट ठेवलेली, आडव्या सांध्याची, उभी किंवा डोक्यावर टांगलेली, अशा चार स्थिती असतात, आणि ज्या स्थितीत परीक्षा झाली त्यावरून कोणत्या स्थितीतील कामास तो पात्र हे ठरते. जोड थंड झाल्यावर त्यातून फिती कापून काढतात आणि त्या एका साच्यात ठोकळ्याभोवती इंग्रजी ‘यू’ अक्षराप्रमाणे वाकवतात. ३/८ इंच जाडीची फीत दीड इंच व्यासाच्या ठोकळ्याभोवती वाकवली की बाहेरच्या तंतूची ताणवाढ, फितीची जाडी भागिले ठोकळ्याचा व्यास अधिक फितीची जाडी, या साध्या हिशेबाने २० टक्के येते. सौम्य पोलादाला हा ताण सहज सोसतो. पोकळीला, मळीच्या रेघेला किंवा न वितळलेल्या मुळाला तो सोसत नाही. ती जागा उमलते आणि दिसू लागते. बाह्यवक्र पृष्ठावर १/८ इंचाहून मोठा एकही दोष दिसता कामा नये, आणि त्याहून लहान असलेल्या, परंतु १/३२ इंचाहून मोठ्या दोषांची बेरीज ३/८ इंचावर जाता कामा नये. पुस्तकी विद्येला वाव नसलेली, साक्षर-निरक्षर दोघांनाही सारखीच असलेली अशी ही परीक्षा आहे. विद्यापीठीय परीक्षांच्या सुधारणेवर लिहिणाऱ्यांनी तिचा एकदा विचार करावा, असो.

पात्रतेला कालमर्यादा नाही. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ त्या प्रक्रियेचे काम हातून झाले नाही, किंवा कौशल्याविषयी शंका घेण्यास विशिष्ट कारण घडले, तर ती पात्रता उरत नाही. इलेक्ट्रोडांचेही गट पाडलेले आहेत. सपाट व आडव्या कामाचे, जाड वेष्टनाचे इलेक्ट्रोड पहिल्या गटात येतात; ई ६०१३ सारखे दुसऱ्या, ई ६०१० सारखे तिसऱ्या आणि ई ७०१८ सारखे अल्प-हायड्रोजन इलेक्ट्रोड चौथ्या गटात येतात. वरच्या गटाच्या इलेक्ट्रोडने उत्तीर्ण झालेला खालच्या गटांसाठीही उत्तीर्ण समजला जातो, उलट मात्र नाही. हाताळण्याच्या अडचणीची ही चढती भाजणी आहे.

आता लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, वेल्डरची पुन्हा परीक्षा केव्हा घ्यावी हे सांगणाऱ्या यादीत प्रक्रिया आहे, गट आहे, स्थिती आहे, जाडी आहे, उभ्या सांध्यात वर जावयाचे की खाली यावयाचे हेही आहे. परंतु इलेक्ट्रोडचा व्यास नाही. १/८ इंची इलेक्ट्रोडने परीक्षा दिलेला वेल्डर ५/३२ इंची इलेक्ट्रोडने काम करू लागला तर त्याची पुन्हा परीक्षा घ्यावी असे संहिता म्हणत नाही. नवख्या वाचकाला ही चूक वाटते. वास्तविक व्यासाचा उल्लेख संहितेत आहेच, पण तो दुसऱ्या प्रकरणात, कार्यपद्धतीच्या प्रकरणात आहे. चाचणी करून मान्य झालेल्या कार्यपद्धतीत हाताने चालविलेल्या इलेक्ट्रोडचा व्यास १/३२ इंचाहून अधिक वाढविला, तर ती कार्यपद्धती पुन्हा चाचणीस बसवावी लागते. परीक्षा पुन्हा द्यावयाची ती वेल्डरने नव्हे, कार्यपद्धती लिहिणाऱ्याने.

चाचणीवाचून मान्य समजल्या जाणाऱ्या, अर्थात पूर्वमान्य कार्यपद्धतींसाठी संहितेने व्यासाची कमाल मर्यादाच घालून दिली आहे. सपाट स्थितीतील वेल्डला, मुळाचा थर वगळता, ५/१६ इंच. आडव्या फिलेट वेल्डला १/४ इंच. उभ्या व डोक्यावरच्या कामात अल्प-हायड्रोजन तसेच ई ७०१४ या जातीच्या इलेक्ट्रोडला ५/३२ इंच. ग्रूव्ह वेल्डच्या मुळाच्या थराला सामान्यतः ३/१६ इंच. सपाट स्थितीत मागे आधारपट्टी असेल आणि मुळाशी १/४ इंच किंवा अधिक फट असेल, तर मुळालाही १/४ इंच चालतो. आपल्याकडील कारखान्यांत आजही रॉड मागताना ‘दहा नंबर’, ‘आठ नंबर’ असे तारेच्या जुन्या इंग्रजी गेजने मागतात. भारतीय मानकांच्या भाषेत ते अनुक्रमे सुमारे ३.१५ व ४ मिलिमीटर होत. गेजमध्ये आकडा वाढला की जाडी कमी होते, त्यामुळे संहिता वाचणारा अभियंता आणि रॉड मागणारा मिस्त्री यांच्या मनातील ‘मोठा’ या शब्दाचे अर्थ कधी कधी उलटे असतात.

हे आकडे कोठून आले? त्यांमागे एक सरळ भौतिक कारण आहे आणि एक व्यापारी कारण आहे. इलेक्ट्रोडला लागणारा विद्युत्प्रवाह ढोबळमानाने व्यासाच्या दर मिलिमीटरला ४० अँपिअर धरतात. ४ मिलिमीटरच्या कांडीला १६० च्या आसपास प्रवाह लागतो, तर ८ मिलिमीटरच्या कांडीला त्याच्या दुप्पट; आणि छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपट, म्हणजे साडेबारा चौरस मिलिमीटरवरून पन्नास. तितक्याच लांबीच्या कांडीतून चौपट धातू पडतो. कंत्राटदाराच्या दृष्टीने जाड कांडी म्हणजे वेळेची बचत. सपाट स्थितीत वितळलेल्या धातूचा मोठा साठा खाचेत निवांत बसतो. उभ्या पट्टीवर तोच साठा ओघळतो, डोक्यावर असेल तर गळतो. मुळाशी अडचण निराळी असते. खाच अरुंद, कांडी जाड. तिचे टोक तळापर्यंत पोचतच नाही, आर्क खाचेच्या दोन बाजूंवरच खेळते आणि मूळ कोरडे राहते. ई ७०१४ च्या वेष्टनात लोहचूर्ण असते, ई ७०१८ च्याही असते, त्यामुळे गाभ्याच्या व्यासावरून वाटतो त्याहून पडणारा धातू अधिक असतो. उभ्या कामात या जातींवर अधिक कडक मर्यादा आहे हे यावरून समजण्यासारखे आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. कांडीचा व्यास आणि थराचा आकार या दोन गोष्टी एक नव्हेत. पूर्वमान्य कार्यपद्धतीत एका फेरीत घालता येणाऱ्या फिलेट वेल्डची कमाल मर्यादा सपाट स्थितीत ३/८ इंच आहे, आडव्या व डोक्यावरच्या स्थितीत ५/१६ इंच, परंतु उभ्या स्थितीत ती १/२ इंच, म्हणजे सर्वांहून अधिक आहे. उभा सांधा खालून वर चढवीत नेला की खालचा गोठलेला धातूच वरच्या वितळलेल्या धातूला ओटा होतो. बारीक कांडीने सावकाश चढत मोठा थर रचता येतो. तेव्हा ‘लहान रॉड म्हणजे लहान वेल्ड’ हे समीकरण खरे नव्हे.

भारतातही हे विषय याच क्रमाने आले. सौम्य पोलादाच्या बांधकामातील आर्क वेल्डिंगची संहिता, आय. एस. ८१६, ही १९५६ मध्ये निघाली. वेल्डरांच्या शिक्षणाची व परीक्षेची आय. एस. ८१७ त्यापाठोपाठ आली व १९६६ मध्ये ती सुधारली गेली. पुढे १९७४ मध्ये, ब्रिटिश वळणावर, तीन स्वतंत्र मानके निघाली. आय. एस. ७३०७ कार्यपद्धतीच्या चाचणीचे, आय. एस. ७३१० मान्य कार्यपद्धतीनुसार काम करणाऱ्या वेल्डरच्या चाचणीचे, आणि आय. एस. ७३१८ हे जेथे कार्यपद्धतीची मान्यता आवश्यकच नाही अशा कामावरील वेल्डरच्या चाचणीचे. या तिसऱ्या मानकाचे शीर्षक इतिहासाच्या अभ्यासकाला बरेच काही सांगून जाते. कार्यपद्धती कोणी तपासणार नाही, वेल्डर मात्र तपासला जाईल, अशी एक श्रेणी व्यवहारात होती आणि तिला मानकाचे रूप द्यावे लागले. साध्या कामापुरती ती योग्यही आहे. परंतु तिची सवय लागली की अवघड कामातही सारा भार त्या एका हातावर टाकण्याचा मोह होतो. तो मोह किती महाग पडतो याची उदाहरणे परदेशात घडली आहेत.

त्यांतील पहिले जहाजांचे आहे. ते इमारतीचे नसले तरी संरचनात्मक वेल्डिंगच्या विचाराला त्याने दिलेले वळण टाळता येत नाही. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत २,७१० ‘लिबर्टी’ जहाजे वेल्ड करून बांधली गेली. हजारो नवे कामगार, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, थोड्या अवधीत वेल्डिंग शिकून गोदीत उभे राहिले. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंड येथे धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले ‘शेनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध तडकले. प्रथम बोट दाखविले गेले ते वेल्डरकडे. आणि दाखवायला जागा नव्हती असे नाही. काही सांध्यांत खाचेत सुटे इलेक्ट्रोड आडवे टाकून वरून एक थर फिरविल्याचे आढळले होते. खाच लवकर भरते, तुकड्यावर मजुरी असेल तर पदरात दोन पैसे अधिक पडतात, आणि वरून काही कळत नाही. येथे लक्षात येईल की, ही लबाडी म्हणजे जाड कांडीच्या लोभाचेच टोकाचे रूप आहे. परंतु तपास पुढे गेला तसे दिसून आले की, धड वेल्ड असलेली जहाजेही तडकत होती. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की, त्या काळचे पोलाद विशिष्ट तपमानाखाली चिवटपणा सोडून काचेसारखे फुटत होते; वेल्डिंगने एवढेच केले की, रिव्हेटच्या सांध्यापाशी जी भेग थांबली असती तिला अखंड पत्र्यातून वाट मोकळी करून दिली. झाकणाच्या चौकोनी कोपऱ्यांशी ताण साठत होता तो आराखड्याचा दोष. वेल्डर दोषी होता तेथे होता. परंतु सर्वत्र तोच दोषी असता तर पोलादाच्या मानकात चिवटपणाची अट घालण्याची गरज पडली नसती.

दुसरे उदाहरण मेलबर्नच्या किंग स्ट्रीट पुलाचे. ते व्यासाच्या नियमाची दुसरी, फारशी न सांगितली जाणारी बाजू दाखविते. हा पूल १९६१ मध्ये खुला झाला आणि १० जुलै १९६२ रोजी थंड सकाळी अवजड यंत्र वाहून नेणारी एक गाडी त्यावरून जात असता त्याचा एक गाळा खचला. खालच्या भिंतींवर तो टेकल्यामुळे प्राणहानी झाली नाही. गर्डर उच्च ताणबलाच्या पोलादाचे होते. त्यांच्या खालच्या फ्लँजवर घातलेल्या आच्छादन-पट्टीच्या टोकाशी जो आडवा फिलेट वेल्ड होता त्याच्या काठाशी भेगा पडल्या होत्या. आणि त्यांतील काही कारखान्यातच पडलेल्या होत्या, कारण एका भेगेच्या आत रंग शिरलेला आढळला. रॉयल कमिशनने १९६३ मध्ये दिलेल्या अहवालात पोलाद पुरवणारे, बनविणारे आणि तपासणारे या सर्वांच्या वाट्याला काही ना काही आले.

अशा पोलादात जाड पट्टीवर लहान वेल्ड घातला तर काय होते? वेल्डची थोडी उष्णता भोवतालचा थंड धातू झपाट्याने ओढून घेतो. सांध्यालगतचा उष्णताबाधित पट्टा जणू पाण्यात बुडवल्यासारखा कठीण होतो. त्यात इलेक्ट्रोडच्या वेष्टनातील ओलाव्यातून आलेला हायड्रोजन अडकला की काही तासांनी वा दिवसांनी भेग पडते. येथे जाड कांडी हा शत्रू नव्हे, बारीक कांडी शत्रू आहे. म्हणूनच संहितेत कमाल व्यासासमोर किमान फिलेटचे कोष्टक आहे. १/४ इंचापर्यंतच्या धातूवर १/८ इंच, १/२ इंचापर्यंत ३/१६ इंच, ३/४ इंचापर्यंत १/४ इंच आणि त्यापुढे ५/१६ इंच. आणि तोही एकाच फेरीत. हा आकडा भारावरून आलेला नाही, थंड होण्याच्या वेगावरून आलेला आहे. पूर्वतापनाचे नियम आणि इलेक्ट्रोड भट्टीत कोरडे ठेवण्याचे नियम त्याचेच भाऊबंद होत. वाकवण्याच्या परीक्षेत पहिल्या नंबराने उत्तीर्ण झालेल्या वेल्डरने निर्दोष हाताने ही भेग निर्माण केली असती, कारण ती हाताच्या चुकीने पडतच नाही. उद्या पडणारी भेग आज वाकवलेल्या सौम्य पोलादाच्या फितीत दिसणार कशी?

तिसरे उदाहरण दोन्ही नियम पाळूनही झालेल्या अपयशाचे आहे. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस अँजेलिसच्या नॉर्थ्रिज भागात ६.७ प्रतीचा भूकंप झाला. पोलादी चौकटीच्या इमारती भूकंपात सर्वांत सुरक्षित, अशी अभियंत्यांची श्रद्धा होती, आणि एकही तशी इमारत कोसळली नाही हे खरे. परंतु भिंतींचे आवरण काढून पाहता शंभराहून अधिक इमारतींत तुळई व स्तंभ यांचे वेल्ड केलेले सांधे तडकलेले सापडले. काही ठिकाणी तडा स्तंभाच्या फ्लँजमधून आरपार गेला होता. वाकून ऊर्जा पचवणे हेच ज्यांचे काम, ते सांधे न वाकता फुटले.

ते सांधे होत असत ते कसे हे पाहिले पाहिजे. हाताने चालवावयाच्या कांडीऐवजी येथे गाभ्यात चूर्ण भरलेली, स्वतःच आडोसा निर्माण करणारी अखंड तार वापरली जाई. तिची जात ई ७०टी-४, आणि व्यास पुष्कळदा ०.१२० इंच. सपाट व आडव्या कामात अशा तारेला संहितेची मर्यादा १/८, म्हणजे ०.१२५ इंच होती. तार नियमात बसत होती, जेमतेम, पण बसत होती. एवढ्या जाड तारेने धातू वेगाने पडे, हे तिच्या लोकप्रियतेचे कारण होते. या जातीच्या धातूला चिवटपणाची कोणतीही किमान अट नव्हती. ताणबल पुरेसे, तन्यता कागदावर पुरेशी, खाच असलेल्या ठिशाची आघात-चाचणी मागितलेलीच नव्हती. तुळईच्या खालच्या फ्लँजचा वेल्ड तर आणखी अडचणीचा. वेल्डर वरून काम करतो आणि तुळईची वेब मधोमध भिंतीसारखी आडवी येते. तिला खाली कापलेल्या छोट्या कमानीतून त्याने अर्धा थर एका बाजूने घालावयाचा, थांबावयाचे, दुसऱ्या बाजूस जाऊन उरलेला अर्धा घालावयाचा. प्रत्येक थराचे तोंड व शेवट नेमके फ्लँजच्या मध्याशी, जेथे मळी साफ करण्यास हात पोचत नाही आणि जेथे आधारपट्टी तशीच सोडलेली असल्याने ध्वनिलहरींच्या तपासणीलाही नीट दिसत नाही. पुष्कळ तड्यांचा उगम तेथेच मिळाला.

या वेल्डरांनी परीक्षा दिलेली होती. ती त्यांनी मोकळ्या मेजावर, मध्ये वेब नसलेल्या पट्टीवर दिलेली होती. संहितेच्या अक्षराला धरून ते पात्र होते. त्यांच्या हातात काही उणे होते असे म्हणण्यापेक्षा त्यांची परीक्षा एका कामाची आणि नेमणूक दुसऱ्या कामावर, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

पुढे कॅलिफोर्नियातील संरचना अभियंत्यांची संघटना, अप्लाइड टेक्नॉलॉजी कौन्सिल आणि तेथील विद्यापीठांचा भूकंप-संशोधन गट यांनी मिळून ‘सॅक’ या नावाने जे संशोधन केले त्याचे निष्कर्ष २००० साली फेमा ३५० ते ३५३ या पुस्तिकांत आले, आणि २००५ मध्ये ‘डी १.८’ ही भूकंपप्रवण बांधकामासाठीची पुरवणी संहिता निघाली. तिने वेल्डच्या धातूला चिवटपणाची अट घातली. महत्त्वाच्या सांध्यांत ७० अंश फॅरनहाइटला ४० फूट-पौंड. प्रवाह, दाब व तारेचा वेग कार्यपद्धतीत लिहून ठेवण्यावर तिने भर दिला. खालच्या फ्लँजची आधारपट्टी काढून मूळ साफ करण्याची पद्धतही या सांध्यांत रूढ झाली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे ते तिचे वेल्डरविषयीचे कलम. खालच्या फ्लँजचा, वेबच्या अडथळ्यातून करावयाचा वेल्ड ज्याच्याकडून करून घ्यावयाचा आहे त्याने नेहमीच्या परीक्षेखेरीज एक जादा परीक्षा द्यावी लागते. पट्टीच्या मधोमध खोटी वेब उभी केलेली असते, तिला तशीच कमान कापलेली असते, आणि वेल्डरने थर एका बाजूने थांबवून दुसऱ्या बाजूने पुरा करावयाचा असतो. ही परीक्षा प्रत्यक्ष कामात ज्या कमाल वेगाने धातू घालावयाचा आहे त्याच वेगाने द्यावी लागते. तारेची जाडी आणि प्रवाह यांवरून तो वेग ठरतो. १९२८ पासून वेल्डरच्या परीक्षेच्या बाहेर राहिलेला हा घटक अशा रीतीने, व्यासाच्या नावाने नव्हे तर वेगाच्या नावाने, प्रथमच तिच्या अटींत आला आहे. आणि तो वेग किती असावा हे कार्यपद्धती लिहिणाऱ्याने परीक्षेपूर्वीच ठरवून द्यावे लागते.